मंडळीचा इतिहास कोणाचा?

खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास बहुधा संस्थापकाच्या चरित्रातच आटोपतो. जालन्याजवळच्या बेथेलचे नाव निघाले की नारायण शेषाद्री आठवतात: १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, पुढे स्कॉटिश मिशनचे पाळक झालेले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून वसाहत उभारणारे. तिथे येऊन राहिलेली मांग-महार कुटुंबे मात्र नुसत्या संख्येत उरतात. खरे तर मंडळी म्हणजे ही कुटुंबेच, आणि त्यांना वगळून मराठवाड्याचा सामाजिक इतिहास पुरा होत नाही. आज जालना जिल्ह्यातल्याच अंकुशनगरची हकिकत सांगताना तिथल्या साखर कारखान्याच्या संस्थापकांचे नाव घेतले आणि ऊसतोड मजुरांना गाळले, तर ती जशी अर्धवट राहील, तशीच हीही.

यावर पहिला आक्षेप आमिषाचा: जमीन आणि शाळा दिसली म्हणून धर्म बदलला. गरज होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला गावाने पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्याने मानाने जगायची जागा शोधली, तर त्या शोधात पोट आणि श्रद्धा वेगळी कशी करणार? शिवाय हा निर्णय स्वस्त नव्हता. नारायणांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने आईवडिलांच्या हवाली केल्यावर, तो मिशनऱ्यांकडे राहिला एवढ्यावरून त्याला जातीत परत घेण्यास कडवा विरोध झाला. त्याला परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना झगडावे लागले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जात चर्चच्या आतही शिरली. हे खरेच आहे. म्हणूनच हा इतिहास गौरवगाथा म्हणून लिहून चालणार नाही.

तो लिहायचा तर मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करावी. मात्र पंथाप्रमाणे या वह्या वेगळ्या वाचाव्या लागतात. १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपुरातून मराठी नवा करार छापणारे विल्यम कॅरी बाप्टिस्ट होते. त्या पंथात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही, त्यामुळे यादीतले प्रत्येक नाव म्हणजे जाणत्या माणसाचा निर्णय. स्कॉटिश मिशनच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत मुलांचाही बाप्तिस्मा होतो, म्हणून तिथे घरेच्या घरे सापडतात. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यांच्या जुन्या वह्या गावच्या महसुली दप्तराशेजारी ठेवून वाचल्या, तर कोण कुठून आले, कोणाशी सोयरीक झाली, कोणाला जमीन मिळाली, जात कुठे सुटली आणि कुठे टिकली, हे नावानिशी मांडता येईल. ते काम चर्चपुरते सोडू नये. जिल्ह्याच्या इतिहासकारांनी ते आपले मानले पाहिजे.