मुठीला बांधलेली चिठ्ठी

जी वस्तू माणूस मारण्यासाठीच घडवली गेली, ती सुंदर आहे म्हणून घरात जपून ठेवावी का? आणि ठेवलीच, तर तिच्याबरोबर आणखी काय काय सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते? प्रश्न जुना आहे. आम्ही तो इथे जपानी तलवारीच्या निमित्ताने मांडत आहोत, कारण या तलवारीइतके प्रेमाने न्याहाळले जाणारे दुसरे शस्त्र आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांत जपानी तलवारी जमवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांतल्या अनेकांची सुरुवात घरातूनच होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धावरून १९४५-४६ साली परतले, येताना एक तलवार घेऊन आले, ती माळ्यावर पडून राहिली. आजोबा गेले. नातवाने ती खाली काढली, धूळ झटकली, आणि त्याला प्रश्न पडला : ही किती जुनी? हिची किंमत काय?

अशा नवख्या माणसाला जाणकार मंडळी पहिला सल्ला देतात तो असा, की वर्षभर तलवार घेऊ नकोस, पुस्तके घे. आम्ही शिक्षक आहोत, हा सल्ला आम्हाला का आवडला ते सांगायला नको. दुसरा सल्ला, पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नकोस, घामाने गंज चढतो. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. मुठीतली बांबूची छोटी खुंटी काढली की मूठ निघते आणि पात्याचा आत दडलेला भाग दिसतो. तो काळा, गंजलेला असतो. तो गंज चुकूनही घासू नकोस. त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून पात्याचे वय कळते, आणि लोहाराची सही असली तर ती तिथेच कोरलेली असते. कित्येक नवशिक्यांनी पॉलिश पेपर घेऊन हा भाग चकाचक केला आणि चार-पाचशे वर्षांचा पुरावा तासाभरात पुसून टाकला.

मग तो पाहायला शिकतो. नदीच्या काळ्या वाळूतले लोखंड आणि कोळसा मातीच्या भट्टीत घालून तीन दिवस, तीन रात्री भट्टी पेटती ठेवायची, त्यातून पोलाद काढायचे, ही जपानची जुनी रीत. शिमाने प्रांतात ती १९७७ साली पुन्हा सुरू करण्यात आली. ते पोलाद तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा ठोकतात. दहा-पंधरा घड्या झाल्या की आत हजारो पदर तयार होतात. शेवटी पात्यावर माती लेपतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, आणि लालबुंद पाते पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक बनते, पाठ हळूहळू थंड होऊन चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर दुधाळ धुक्यासारखी एक रेघ उमटते. कुठे सरळ, कुठे लाटांसारखी. प्रत्येक घराण्याची रेघ निराळी. दिव्याखाली पाते हळूच तिरके केल्याशिवाय ती नीट दिसत नाही.

आम्हाला हे वाचताना आमच्या उर्दूतले दोन शब्द आठवले. पात्याच्या अंगावरच्या लहरींना उर्दूत ‘जौहर’ म्हणतात, आणि माणसाच्या अंगच्या गुणालाही जौहरच. पात्याला दिलेले पाणी म्हणजे ‘आब’, आणि इज्जतही आबच. उर्दू गझलेत तर प्रेयसीच्या भुवईला तलवारीची उपमा इतकी सर्रास आहे, की वर्गात ती समजावून सांगताना मुले दचकत नाहीत. तेव्हा तलवारीच्या सौंदर्याला भुलणारा तो अमेरिकन नातू आम्हाला परका वाटत नाही.

आता खरा मुद्दा. या छंदात तलवारींचे दोन मोठे ढीग करतात. एक पुरातन, दुसरा लष्करी. १८७६ साली जपान सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरण्यास बंदी केली. बहुतेक लोहारांची कामे बसली. पुढे सैन्यातले अधिकारी युरोपी घाटाच्या तलवारी वापरू लागले. १९३४ साली राष्ट्राभिमानाच्या लाटेत लष्कराने जुन्या सामुराई वळणाची नवी तलवार ठरवली, आणि पुढच्याच वर्षी हवालदार दर्जाच्या शिपायांसाठी कारखान्यात बनणारी एक आवृत्ती आली. तिची मूठ धातूची, ओतीव. त्यावर कापडी दोरा गुंडाळल्यासारखे नक्षीकाम करून वरून रंग दिलेला. पात्यावर सही नाही, क्रमांक ठोकलेला.

नवखा माणूस हे शिकला की त्याच्या मनात नकळत आणखी एक वाटणी होते. पुरातन तलवार म्हणजे कला, लष्करी तलवार म्हणजे युद्ध. पुरातन पाते स्वच्छ, लष्करी पाते रक्ताचे. त्याला हायसे वाटते. मी कलेचा संग्राहक आहे, युद्धाचा नव्हे.

ही वाटणी टिकत नाही. एकतर कित्येक अधिकाऱ्यांनी आपल्या घराण्यातले तीनशे-चारशे वर्षांचे पाते काढून लष्करी मुठीत बसवले आणि ते चीनमध्ये, मलायात, ब्रह्मदेशात नेले. वरून लष्करी, आतून पुरातन. अशी तलवार सापडावी म्हणून तर संग्राहक मुठी उघडून पाहत असतात. त्या पात्याला आता कोणत्या ढिगात टाकायचे? दुसरे, तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात एक लोहारशाळा चालली. तिथे सुमारे ८,१०० तलवारी अगदी जुन्या रीतीने, भट्टीच्या पोलादापासून घडवण्यात आल्या. कारागिरी अस्सल, आणि घडवल्या त्या सरळ सरळ युद्धावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी.

आणि पुरातन तलवार तरी स्वच्छ कुठे आहे? एदो काळात पात्याची धार तपासण्यासाठी देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर ते चालवून पाहत. यामादा आसाएमोन या नावाने पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे एक घराणे होते. शिरच्छेदही तेच करीत. पाते एका घावात दोन धडे कापून गेले, तर तसे त्या आत दडलेल्या भागावर कोरत, आणि अक्षरांत सोने भरत. आज लिलावात अशा सोन्याच्या अक्षरांची तलवार निघाली की तिची किंमत वाढते. आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. कोण होती ती दोन माणसे? चोर असतील, खुनी असतील, कदाचित काहीच नसतील. सोने त्यांच्या नावाला लागले नाही, त्यांच्या संख्येला लागले.

म्हणजे काळ लोटला की पाते शुद्ध होते, असेच आपण मानतो काय? १६६० सालचे धड कापलेले चालते, १९४० सालचे चालत नाही? आम्हाला तरी या दोन तारखांमध्ये नीतीचा फरक सापडला नाही. फरक एवढाच, की १९४० साली मारल्या गेलेल्याची मुलगी आजही कुठे जिवंत असू शकते.

जपानच्या कायद्याने या प्रश्नावर एक उत्तर काढले आहे, ते पाहण्यासारखे आहे. पारंपरिक रीतीने घडवलेली तलवार ही कलावस्तू. तिची नोंद होते, मालकाला दाखला मिळतो. हा दाखला देते कोण, तर प्रांताचे शिक्षण मंडळ. (तलवार आणि शिक्षण खाते! आमच्याकडे शिक्षकाच्या गळ्यात खानेसुमारीपासून निवडणुकीपर्यंत सगळे पडतेच. तलवारीही येतील, असे कुणी आमच्या स्टाफरूममध्ये म्हणाल्याशिवाय राहणार नाही.) कारखान्यात बनलेल्या लष्करी तलवारीला मात्र नोंद नाही. ती निव्वळ हत्यार, जपानमध्ये बाळगायला मनाई. कायद्याने पाहिले ते घडवणीकडे. कशी बनली एवढेच विचारले, तिने काय केले हे विचारले नाही. कायद्याला ते विचारता येणारही नाही. पाते साक्ष देत नाही.

माणसाला मात्र विचारता येते. बाजारात नवख्याला सांगतात की तलवार घे, तिची गोष्ट घेऊ नकोस. सल्ला व्यवहाराचा आहे आणि खराही आहे. विकणारे हव्या त्या कहाण्या जोडतात, सह्याही खोट्या कोरतात. पण गोष्ट न घेण्याची सवय लागली की ती खऱ्या गोष्टीलाही लागू होते.

१९४५ साली जपान शरण आला. दक्षिण-पूर्व आशियात लॉर्ड माउंटबॅटन यांनी आग्रह धरला, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभाने खाली ठेवाव्यात. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगाव येथे फील्ड मार्शल तेराउची यांनी आपल्या तलवारी त्यांच्या हाती दिल्या. असे प्रसंग ठिकठिकाणी झाले. तलवार देताना पुष्कळ अधिकाऱ्यांनी मुठीला लाकडाची पट्टी किंवा कापडाची चिठ्ठी बांधली. तीवर आपले नाव आणि गावचा पत्ता लिहिला. आज ना उद्या ती परत मिळेल ही आशा. त्या चिठ्ठ्या काही तलवारींवर आजही तशाच लटकत आहेत.

आता नवखा संग्राहक ही चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतो. नाव कळते, गाव कळते. त्याने काय करावे? पत्र लिहावे? युद्धात जिंकलेली वस्तू जिंकणाऱ्याची, हा जगाचा रिवाज. त्याचे आजोबा ती रीतसर घेऊन आले होते. पण आमच्या मते पत्र लिहावे. तलवार परत करणे-न करणे पुढचे. त्या घरात आज कोणी असेल तर, तुमच्या वडिलांची, आजोबांची ही वस्तू माझ्याजवळ आहे, एवढे तरी त्यांना कळले पाहिजे. काही घरे ती मागतील, काही म्हणतील की आम्हाला ती आठवण नको. तो हक्क त्यांचा. कारखान्यातली तलवार असेल तर त्यांनी मागूनही कायदा ती घरात ठेवू देणार नाही.

चिठ्ठीची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. चिठ्ठी आहे ती तलवार बाळगणाऱ्याची. ती जिच्यावर पडली त्या मानेची चिठ्ठी कुठे आहे? १९३७ साली नानजिंगच्या वाटेवर मुकाई आणि नोदा या दोन लेफ्टनंटांमध्ये शंभर माणसे तलवारीने मारण्याची शर्यत लागली आहे, अशा बातम्या तोक्योच्या एका दैनिकाने कौतुकाने छापल्या. दोघांना १९४८ च्या जानेवारीत नानजिंगमध्येच देहदंड झाला. बातमीत दोघांची नावे होती, आकडे होते. मेलेल्यांचे एकही नाव नव्हते. २४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीत आयतापे येथे लेनर्ड सिफ्लीट या ऑस्ट्रेलियन सार्जंटचा शिरच्छेद झाला. डोळे बांधून गुडघ्यावर बसवलेला तो, आणि त्याच्यावर उगारलेली तलवार, असे छायाचित्र पुढच्या वर्षी एका मृत जपानी सैनिकाजवळ सापडले. छायाचित्र सापडले म्हणून त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मातीतली माणसेही या तलवारींसमोर उभी होती. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियन ज्या सैन्याशी झुंजली, त्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला याच तलवारी होत्या.

मग वितळवून टाकाव्यात का? तसे झालेही. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने जपानमध्ये तलवारींचे ढीग जमा केले आणि असंख्य नष्ट केल्या. होनमा जुंजी या जाणकाराने कर्नल कॅडवेल या अमेरिकन अधिकाऱ्याला पटवले नसते, तर उत्तमोत्तम पातीही गेली असती. १९३९ साली राष्ट्रीय ठेवा ठरलेली ‘होंजो मासामुने’ ही तोकुगावा घराण्याची तलवार १९४५ च्या डिसेंबरात पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि तिथून अमेरिकन सैन्याच्या हाती गेली ती आजवर सापडली नाही. वितळवल्याने मेलेल्याला इन्साफ मिळत नाही, फक्त पुरावा जातो. गंज घासणाऱ्या नवशिक्याचीच ती मोठी आवृत्ती.

या संग्राहकांत आम्हाला सर्वांत जवळचे वाटतात ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील डॉ. वॉल्टर कॉम्प्टन. अटलांटामधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांना एक पाते मिळाले. अभ्यास केल्यावर कळले, की हे कुनिमुनेचे, जपानच्या कागोशिमा येथील तेरुकुनी मंदिराचे, राष्ट्रीय ठेवा असलेले पाते आहे, युद्धानंतर हरवलेले. त्यांनी ते १९६३ साली काहीही मोबदला न घेता परत केले. पैसे मोजून, कायद्याने घेतलेली वस्तू होती ती! पण खरेदीची पावती वस्तूचा मालक ठरवते. ती अमानत कुणाची, हे पावतीवर लिहिलेले नसते. आपल्याकडे २०२५ साली रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात पैसे देऊन सोडवून आणली, तेव्हा किती आनंद झाला. कागोशिमाच्या लोकांना १९६३ साली एक पैसाही न मोजता काय वाटले असेल, त्याची कल्पना त्यावरून करावी.

डॉ. कॉम्प्टन यांनाही सगळे देता आले नाही, आणि सगळे द्यायचे तरी कुणाला? ते १९९० साली वारले. त्यांचा प्रचंड संग्रह १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकला गेला आणि देशोदेशी पांगला. त्यातली काही पाती आज अशा माणसांच्या हाती असतील, ज्यांनी नुकताच हा छंद सुरू केला आहे. ते पात्याला हलकेच तेल लावत असतील, दिव्याखाली तिरके धरून ती दुधाळ रेघ शोधत असतील. त्यांनी पात्याशेजारी एक वही ठेवावी, असे आम्हाला वाटते. पाते कुणी घडवले, कुणी बाळगले, कुठून कसे आले हे त्यात लिहावे. मुठीला चिठ्ठी असेल तर तिची नक्कल करावी, मूळ चिठ्ठी उजेडापासून दूर ठेवावी, नाहीतर शाई उडते. आणि ‘हिने कोण मारले गेले’ या मथळ्याखाली एक पान कोरे सोडावे.