झाडाबाहेरची नाती

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या साध्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूने ‘आर्यभट्ट’ हा भारताचा पहिला उपग्रह बांधला. 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत रॉकेटने तो अवकाशात नेला. 360 किलोच्या त्या उपग्रहावर तीन वैज्ञानिक प्रयोग होते. काही दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि ते प्रयोग थांबवावे लागले. उपकरण कुठे बसवले आहे आणि ते कोणाच्या जिवावर चालते, हे दोन वेगळे प्रश्न असतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, मात्र बरीच वर्षे त्यातला पहिलाच प्रश्न विचारला.

डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या कर्नेलच्या 2.6 आवृत्तीत सगळी उपकरणे एका झाडावर मांडलेली होती: बस, तिच्यावर कंट्रोलर, त्याला जोडलेला कीबोर्ड. प्रत्येकाला पालक एकच. संगणक झोपवताना आधी मुले, मग पालक; उठवताना उलट. टेबलावरच्या पीसीचे त्यावर भागत होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भागेना. त्याचा सेन्सर झाडात आय-टू-सी बसखाली लटकतो, पण वीज एका रेग्युलेटरकडून घेतो, ताल देणारे क्लॉक दुसऱ्या चिपकडून, आणि चित्र पाठवतो तिसरीकडे. पीण्यातल्या एखाद्या प्रेस-शॉपची मालकी कोणाकडे आहे हे कळले, म्हणून त्याचा पत्रा कुठून येतो आणि प्लेटिंग कोण करून देतो हे थोडेच कळते!

गंमत अशी की कोण कोणाच्या जिवावर चालते ही माहिती लिहिलेली होती. 1994 मध्ये प्रमाणित झालेल्या ओपन फर्मवेअरमधून ‘डिव्हाइस ट्री’, म्हणजे उपकरणांची लेखी नोंद, आली. एआरएम बोर्डांच्या फायलींच्या पसाऱ्यावर 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स भडकले, तेव्हा तिकडेही तिचा स्वीकार झपाट्याने झाला. नावात झाड असले तरी तिच्यात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे बोट दाखवणारे ‘फँडल’ असतात. कॅमेऱ्याच्या नोंदीत त्याचा रेग्युलेटर कोणता हे स्पष्ट असते. ते वाचायचे ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने. कर्नेलचा गाभा त्याबाबत अनभिज्ञ.

त्यामुळे कोणी आधी सुरू व्हायचे हेही कळेना. 2012 मध्ये 3.4 आवृत्तीत त्यावर तोडगा निघाला: रेग्युलेटर तयार नसेल तर ड्रायव्हरने ‘नंतर या’ म्हणायचे आणि कर्नेलने त्याला पुन्हा रांगेत घ्यायचे. सरकारी कचेरीत मुरलेल्या माणसाला ही पद्धत शिकवावी लागत नाही. तिच्यामुळे लाखो उपकरणे सुरू झाली, त्यामुळे तिला नावे ठेवणे बरे नव्हे. पण कोण कोणासाठी थांबला होता, याची नोंद ती ठेवत नसे.

ती नोंद फेब्रुवारी 2017 च्या 4.10 आवृत्तीत, राफेल विसॉकी यांच्या ‘डिव्हाइस लिंक’मुळे आली. दोन टोकांपैकी एक पुरवठादार, दुसरा ग्राहक. ग्राहक आधी झोपतो; पुरवठादाराचा ड्रायव्हर काढायचा तर आधी ग्राहकाचा सुटतो. हवे असल्यास ग्राहक जागा असेपर्यंत पुरवठादारालाही जागे ठेवता येते. पालक एकच राहिला, पुरवठादार मात्र कितीही असू शकतात. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला खरा वैचारिक बदल हाच.

तरी लिंक हाताने लिहावी लागे, आणि हाताने लिहायचे काम बहुतेक जण टाळतात. 2020 मध्ये गूगलच्या सरवणा कन्नन यांच्या ‘एफडब्ल्यू-डेव्हलिंक’ने डिव्हाइस ट्रीतले फँडल वाचून लिंक आपोआप जोडायला सुरुवात केली, 2021 मध्ये ती सोय आपसूक चालू ठेवली गेली.

तेव्हा डिव्हाइस ट्रीत लिहिलेली परस्परावलंबनाची वर्तुळे समोर आली. काही चिपमध्ये क्लॉक कंट्रोलर डिस्प्लेचे सिग्नल हाताळणाऱ्या ‘फाय’ला क्लॉक देतो, आणि तोच ‘फाय’ त्या कंट्रोलरला दुसरे क्लॉक परत देतो. दोघेही पुरवठादार, दोघेही ग्राहक. आधी कोणी सुरू व्हायचे? अशा वर्तुळात कर्नेल क्रमाचा आग्रह सोडतो आणि ड्रायव्हरांना 2012 च्याच पद्धतीने ‘नंतर या’ म्हणत फेऱ्या मारू देतो.