चवीला साक्षीदार कोण?

सप्टेंबर २००७ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स दक्षिण आफ्रिकेत होते. केपटाऊनजवळ गुगुलेथू नावाची वस्ती आहे. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या लोकांना शहरापासून लांब ठेवण्यासाठी ती वसवली गेली. तिथे ‘म्झोलीज’ हे खाटकाचं दुकान होतं आणि त्याला जोडूनच खाणावळ. गिऱ्हाइकाने काउंटरवर कच्चं मांस निवडायचं, मागच्या अंगाला ते निखाऱ्यांवर भाजून मिळायचं. शनिवार-रविवारी वस्तीतले लोक, विद्यार्थी आणि परदेशी पाहुणे तिथे एकाच गर्दीत दिसायचे. वेल्स यांनी विकिपीडियावर या जागेची एका वाक्याची नोंद केली. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्याच विकिपीडियाच्या एका प्रचालकाने ती पुसून टाकली. दुकान असेल, पण त्यात विश्वकोशात घेण्यासारखं काय, असा त्याचा सवाल होता.

त्यावर रण माजलं. एका बाजूचं म्हणणं, नियम संस्थापकालाही लागू आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हीच जागा लंडनमध्ये असती तर कुणी हात लावला असता का? शेवटी काही लोकांनी वाद घालायचं सोडून वृत्तपत्रांतले आणि प्रवासपुस्तकांतले उल्लेख गोळा केले. नोंद भरली आणि टिकली. मला यातला निकाल पटतो, पण त्या निकालाने झाकून टाकलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. वेल्स त्या वस्तीत जेवायला गेलेच नसते तर?

आपल्याकडे गावागणिक असा एखादा म्झोलीज आहे. ठाण्याची मामलेदार मिसळ, डेक्कनवरचं गुडलक, माटुंग्याचं कॅफे मद्रास ही झाली मोठ्या शहरांतली नावं. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं जे हॉटेल तीन पिढ्यांनी पाहिलं, त्याच्यावर जीव टाकणारी माणसं तितकीच कडवी असतात. ‘आमच्या हॉटेलची नोंद का नाही’ हा प्रश्न ती तावातावाने विचारतात. त्यांना मिळणारं उत्तर कोरडं असतं. ज्या जागेबद्दल तिच्याशी हितसंबंध नसलेल्या, भरवशाच्या लेखकांनी पुरेसं लिहिलेलं आहे, तिचीच नोंद होते. चव कशी, गर्दी किती, मालक किती प्रेमळ, याचा तिथे संबंध नाही.

हा नियम मला रास्त वाटतो. दारावरच्या पाटीवर ‘स्थापना’ म्हणून जे साल रंगवलेलं असतं ते मालकाने सांगितलेलं असतं. ‘मूळ’, ‘आद्य’ आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ हेही त्यानेच सांगितलेलं. मालक खोटं बोलतो असं नव्हे, पण स्वतःच्या बाजूने साक्ष देणाऱ्या एकट्याच्या शब्दावर कोशाला विसंबता येत नाही. छापून आलं की खरं, असंही नाही. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला, हे आपण दरवर्षी कुठे ना कुठे वाचतो. ते खरंही असेल. पण दहा वृत्तपत्रांनी एकच आठवण एकमेकांवरून उतरवून घेतली, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो.

अडचण नियमात नाही, तो चालतो कसा यात आहे. हॉटेलं कोशात कोणत्या वाटेने शिरतात ते पाहा. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ सालचं. पण त्याचं नाव जगभर गेलं ते ‘शांताराम’ या कादंबरीमुळे आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे झालेल्या गोळीबारामुळे. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीला इतिहासात जागा मिळाली ती १३ फेब्रुवारी २०१० च्या स्फोटाने. दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ कित्येक वर्षं लोक खात होते, मात्र तिच्या बातम्या झाल्या २०१५ मध्ये, लंडनमधल्या एका खाद्यपुरस्काराने तिला गौरवल्यावर. कादंबरीकार यावा लागतो, बॉम्ब फुटावा लागतो, नाहीतर लंडनहून शिक्का यावा लागतो. रोज सकाळी सहाला शटर वर करून चाळीस वर्षं माणसांना खाऊ घातलं, ही घटना कुणाच्या लेखी घटनाच नसते.

कोल्हापूरचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहूंच्या पागेतले अस्पृश्य समाजातले नोकर. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं करून स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं आणि मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. स्वच्छता, टापटीप सगळं होतं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले, मोठ्याने चहा मागवू लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो पाजू लागले. छत्रपतींच्या समोर कप नाकारणार कोण?

महाराष्ट्रातल्या एका हॉटेलची नोंद करायची झाली तर मी ही करीन. त्या चहात आलं होतं की वेलदोडा, हे कुणी लिहून ठेवल्याचं मला आढळलं नाही, आणि त्यामुळे काही अडतही नाही. हॉटेल ही जातीपातीच्या पंक्ती मोडणारी जागा ठरू शकते, हे त्या एका दुकानाने भर रस्त्यात दाखवलं. पण गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती शाहूंच्या चरित्रांमधून, आठवणींमधून. गाडी थांबवणारा राजा होता म्हणून तिला साक्षीदार मिळाले. म्झोलीजच्या बाबतीत राजाचं काम वेल्स यांनी केलं, इतकंच.

आता ज्यांच्या दारात कुणाचीच गाडी थांबली नाही त्यांच्याकडे वळू. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. कुटुंब गावी. त्यांना जेवू घालत होत्या चाळीतल्याच बायका, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या चुलीवर. त्यांच्या खाणावळीला ना पाटी, ना परवाना, ना मेन्यू. हिशेब महिन्याचा. गडी पाळीवरून परस्पर गावी गेला तर खाडा धरायचा, पगाराला पैसे घ्यायचे, संप झाला की उधारी सोसायची. वाण्याची बाकी भागवायला सावकाराचं व्याज भरायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुष्कळजण गावी परतले. ज्यांच्या पगारावर या चुली पेटत होत्या तेच पानावरून उठून गेले.

मंडळाची नोंद होऊ शकते, पुरव यांची होऊ शकते, संपाची तर आहेच. त्या चुलींपैकी एकीचीही स्वतंत्र नोंद होणार नाही. तेव्हा तिच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता लिहायला ती चाळही जागेवर राहिलेली नाही.

मग नियम सैल करावा का? मला तसं वाटत नाही. सैल नियमाचा फायदा खाणावळवालीला होणार नाही. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे त्या साखळी रेस्टॉरंटला होईल. इंग्रजी विकिपीडियाने व्यवसायांसाठी निकष कडक केले ते प्रसिद्धीवाल्यांच्या याच उपद्रवामुळे. मात्र त्या निकषांत एक अट अशी आहे की निव्वळ स्थानिक माध्यमांनी घेतलेली दखल पुरत नाही, निदान विभागीय पातळीवरचा एक तरी स्रोत हवा. इथे मराठी संपादकांनी सावध राहावं. कोल्हापूरच्या ‘पुढारी’त किंवा सोलापूरच्या ‘संचार’मध्ये आलेला लेख बाहेरच्याला स्थानिक वाटेल, आपल्यासाठी तो एका अख्ख्या मुलखाचा आवाज आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. इंग्रजीने काय गाळलं ते पाहून आपण गाळायचं, याला काही अर्थ नाही. कामगारांची आत्मचरित्रं, महाविद्यालयांचे स्मृतिग्रंथ, विद्यापीठांतले प्रबंध, नगरपालिकेची दप्तरं हे आपले स्रोत आहेत.

दुसरी वाट दिदरोने अठराव्या शतकात दाखवली आहे. सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराच्या या मुलाने आपल्या फ्रेंच विश्वकोशात तत्त्वज्ञानाच्या बरोबरीने हातावर पोट असलेल्यांचे धंदे घातले. त्याच्या अकरा चित्रखंडांत पाववाल्याची भट्टी आहे, मिठाईवाल्याची भांडी आहेत. एकाही विशिष्ट पाववाल्याला नोंद मिळाली नाही, पण सगळ्या पाववाल्यांना मिळाली. ‘गिरणगावातल्या खाणावळी’, ‘कोल्हापूरची मिसळीची दुकानं’, ‘मराठवाड्यातली स्टँडवरची हॉटेलं’ अशा नोंदी आजही भरघोस पुराव्यानिशी लिहिता येतील. एकेकट्या हॉटेलला जे झेपत नाही ते धंद्याला झेपतं. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा कागद आणि पैसा या दोन्हींची चणचण होती. आज कागद लागत नाही. चणचण आहे ती लिहिणाऱ्यांची.

म्हणून ‘आमच्या हॉटेलची नोंद का नाही’ हा प्रश्न कोशाला विचारण्यात अर्थ नाही. तिथे तीस वर्षं चहा पिऊन कविता, राजकारण आणि लग्नं जमवणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विचारावा. दिवाळी अंकांचंच पाहा. फराळवाले, मिठाईवाले, हॉटेलवाले यांच्या जाहिराती अर्ध्या-अर्ध्या पानावर असतात, आणि त्यांच्या पैशातून अंक निघतो. पण जाहिरात ही मालकाची साक्ष. त्याच अंकात, त्याच्याकडून एक पैसाही न घेता, एखाद्या लेखकाने एखाद्या खाणावळीचा हिशेब मांडावा. ती कुणी काढली, भांडवल कुठून आलं, आचारी कोणत्या गावचे, कोणत्या जातीच्या माणसाला कधीपासून आत बसता आलं, बायका एकट्या कधी येऊ लागल्या, ताटाचा भाव कोणत्या साली किती होता. संपादकांनी दर अंकात असा एक लेख मागवला तरी वीस वर्षांनी कोशवाल्यांना सबब उरणार नाही. हॉटेलमालकांनीही जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी गावातल्या वाचनालयाला विचारावं. तोवर आवडत्या हॉटेलवरचं आपलं प्रेम खरं असेल, पण त्याचा कोशाला उपयोग नाही.