साधेपणाची उपाधी

वस्तू आणि वस्तूवरील खूण या दोन भिन्न गोष्टी होत. घागरीत पाणी राहते ते तिच्या घडणीमुळे. तिच्या काठावर कोणाचे नाव कोरले आहे याच्याशी पाण्याला कर्तव्य नसते. हे इतके उघड असूनही बाजारात गेलेला मनुष्य पुष्कळदा वस्तूपेक्षा खुणेचेच मोल अधिक देतो. सदऱ्याच्या खिशावरील चार बोटांएवढ्या छापासाठी दुप्पट दाम मोजले जातात, आणि पायातील जोड्यावरून समोरच्याची योग्यता ठरविली जाते. या प्रकाराचा वीट येऊन शहरांतील सुशिक्षित घरांत अलीकडे उलट आवड रुजू लागली आहे. कपडे बिनछापाचे, रंग पांढरा, राखी अथवा मातकट. भांड्यांवर नक्षी नाही, डब्यांवर अक्षर नाही, खोलीत मोजके सामान. आपल्या वासनिक कुटुंबांतील तरुणांनाही ही राहणी आवडते, आणि ही वैराग्याकडे जाणारी पायरीच नव्हे काय, असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. ‘ही परदेशी तऱ्हा’ असे म्हणून तो उडवून लावणे बरे नव्हे.

या आवडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानातील आहे. तेथे १९८० साली सेइयु या दुकानसाखळीने ‘मुजिरुशि र्योहिन’ या नावाने चाळीस वस्तू विक्रीस ठेवल्या. नावाचा अर्थ, खूण नसलेला चांगला माल. पुढे ‘मुजि’ एवढेच नाव जगभर झाले. त्या चाळिसांपैकी एकतीस वस्तू खाण्याच्या होत्या व नऊ घरगुती वापराच्या. वाळविलेल्या अळंब्या निवडताना तुटक्या बाजूला काढल्या जात. चवीत काही उणे नसता केवळ आकृती बिघडली म्हणून त्यांना बाजारात मान नव्हता. त्या तुटक्याच स्वस्तात विकल्या गेल्या. कागद शुभ्र करण्याची क्रिया गाळली, वेष्टने कमी केली, आणि माल स्वस्त का आहे याचे कारण ग्राहकास स्पष्ट सांगितले. एवढ्यापुरते पाहिले तर यात गौरवच आहे. फुकट जाणारे अन्न वाचले, निरर्थक श्रम वाचले आणि सामान्य गृहस्थाचा पैसाही वाचला. या कल्पनेमागील प्रमुख पुरुष सेइजि त्सुत्सुमि हे ज्या उद्योगसमूहाचे धनी होते, त्याच समूहाच्या मोठ्या दालनांतून परदेशी नामांकित मालही विकला जात असे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नंतर काय झाले? १९८३ साली टोकियोच्या आओयामा या श्रीमंती वस्तीत त्यांचे स्वतंत्र दुकान निघाले. १९९१ साली लंडनमध्ये आणि २०१६ साली आपल्या मुंबईतही दुकान उघडले. ज्या मालाचे मूळ समर्थन स्वस्ताई हे होते, तो येथे येईतो आपल्या पेठेतील साध्या वस्तूंच्या मानाने पुष्कळ महाग झाला होता. चीनमध्ये तर या नावावरूनच खटला चालला. चादरी, टॉवेल अशा काही कापडी वस्तूंपुरता तेथे त्या नावाचा हक्क दुसऱ्याच मंडळींकडे होता, आणि २०१९ साली निकाल जपानी कंपनीच्या विरुद्ध गेला. ‘खूण नाही’ ही अक्षरे म्हणजेच खूण, आणि तिच्या मालकीसाठी न्यायालयात भांडण! यात हसण्यासारखे काही असेल तर ते त्या कंपनीपुरते नाही. उपाधी टाकली असे म्हणताना टाकण्याचीच उपाधी जडते, हा जीवाचा जुना स्वभाव आहे.

येथे कोणी शंका घेईल की, मग खूण असणे हाच दोष मानावा काय? तसे नाही. मूळच्या खुणेत करणाऱ्याची जबाबदारी असते. अमक्याने हे घडविले, वाईट निघाले तर त्याला विचारा, एवढाच तिचा अर्थ. खादीचेच पाहा. नावाखाली भलतेच कापड विकले जाऊ नये म्हणून २०१३ साली खादीसाठी अधिकृत चिन्हाचे नियम करावे लागले. आपल्या घरांतील भांड्यांवरही नावे असतातच. लग्नात आलेल्या पितळी डब्यावर, तांब्यावर, परातीवर देणाऱ्याचे नाव व तिथी कोरून घेण्याची चाल कोणास ठाऊक नाही? त्या नावावरून भांड्याची किंमत कळत नाही. मामाने दिले की आत्याने, हे कळते, आणि आत्या गेल्यावरही ती परात तिच्याच नावाने ओळखली जाते. असल्या खुणेस मी तरी दोष देणार नाही. खूण नाते सांगते की तोरा सांगते, हे पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या जपानी मंडळींनी आपला विचार मांडताना एक मार्मिक भेद केला आहे. ग्राहकाने ‘हेच हवे’ असे म्हणण्याऐवजी ‘हे चालेल’ असे समाधानाने म्हणावे, असा माल आपण करावा, अशी त्यांची भूमिका आहे. भेद खरोखर चांगला आहे. ‘हेच हवे’ यात आग्रह आहे, आणि आग्रहाच्या पोटी विकार आहे. परंतु जो गृहस्थ ‘हे चालेल’ असे म्हणावयास त्या विशिष्ट दुकानातच जातो, तीच राखी छटा मिळावी म्हणून दोन महिने थांबतो, आणि घरात दुसऱ्या रंगाची बादली आली तर अस्वस्थ होतो, तो तोंडाने ‘हे चालेल’ म्हणत असला तरी मनाने ‘हेच हवे’ असेच म्हणत आहे. भिक्षेला निघालेल्या साधकाचे तसे नसते. झोळीत पडेल ते अन्न, या घरचे व त्या घरचे एकत्र; त्यात निवड नाही. साधी वस्तू निवडणे आणि निवडच सोडणे यांत मोठे अंतर आहे. पहिले गृहस्थाला शोभते व हितकरही आहे, पण त्यालाच दुसऱ्याचे नाव देऊ नये.

या आवडीतील मला सर्वांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. साधेपणा आणावयाचा म्हणून घरातील धड वस्तू बाहेर काढल्या जातात. आजीच्या वेळची पितळी पातेली कल्हई करावी लागते म्हणून मोडीत जातात, फुलाफुलांच्या चादरी विटण्यापूर्वीच देऊन टाकल्या जातात, आणि त्यांच्या जागी नवे, साधे, महाग सामान येते. तुटक्या अळंब्या टाकू नयेत या विचारातून जे निघाले, ते न तुटलेली पातेली टाकण्यापर्यंत आले! ज्याला खरोखर कमी वस्तूंत राहावयाचे आहे त्याने प्रथम विकत घेणे थांबवावे. असलेली चादर फाटेपर्यंत वापरावी, मग तिची गोधडी करावी. फुले बटबटीत दिसतात खरी, पण ऊब तेवढीच देतात.

आश्रमवासी मंडळींसाठीही एक गोष्ट लिहिणे अवश्य वाटते. वासनिक श्रद्धेने वस्त्र आणून देतात, आणि हल्ली त्यांवर कारखान्याचे नाव छापलेले असते. सतरंजीच्या कोपऱ्यावर, पिशवीवर, कधी पांघरुणाच्या मधोमधही. असे वस्त्र हाती आले म्हणजे कोणी ते आवडीने वर दिसेल असे पांघरतो, तर कोणी ‘आम्हांस छापाचे चालत नाही’ म्हणून परत करतो. दुसऱ्याचे लोक कौतुक करतात. पण देणाऱ्या बाईने ते चार घरची धुणीभांडी करून आणलेले असेल तर? नाव आतल्या बाजूला जाईल अशी घडी घालून ते पांघरता येते, किंवा बाहेर राहिले तरी थंडीच्या दिवसांत रात्री ते वाचावयास कोणी येत नाही.