पाकिटामागचा आप्त

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळकऱ्याने मासमच्छीला शिवायचं नाही, हे पंढरपूरकडच्या आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. टोकियोत निशी-कासाईला लेकीकडे राहायला आल्यापासून मात्र हा नेम पाकिटांच्या पाठीवर वाचावा लागतो. इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हा अर्क, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाची. ती नूडल्सच्या रश्शात असते, तयार मिसो सूपमध्ये असते, कधी बटाट्याच्या वेफर्सवरही भुरभुरलेली असते. लेकीने मला कात्सुओ जपानीच्या तिन्ही लिप्यांत ओळखायला शिकवलं आहे.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. अंडं, दूध, कोळंबी, खेकडा यांचा उल्लेख ॲलर्जीमुळे सक्तीचा आहे, कात्सुओचा तसा नाही. कायदा आजार पाहतो, व्रत नाही. त्यात गैर काही नाही. पण एखादा मिश्र घटक 5 टक्क्यांहून कमी असला, तर ॲलर्जीचे पदार्थ सोडून त्याच्या पोटात काय आहे ते लिहिलं नाही तरी चालतं. म्हणजे सगळी अक्षरं लागली तरी माझा नेम दुसऱ्याच्या भरवशावरच उभा.

हा भरवसा म्हणजे ज्ञान का? शाळेत संस्कृत शिकवायचे तेव्हापासून न्यायदर्शन माझ्या आवडीचं. न्यायसूत्रकार गौतम शब्दाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानतो, पण तो आप्ताचा शब्द हवा. बौद्ध दिङ्नागाला हे वेगळं प्रमाण मान्य नाही. तो दोनच मानतो, प्रत्यक्ष आणि अनुमान. मी या बाबतीत गौतमाच्या बाजूची. वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात सांगतो की ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. इतक्या जुन्या काळी हे लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

त्यातली सांगण्याची इच्छा मला इथे न्हाणीघरात सापडली. शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा असतात, कंडिशनरच्या बाटलीला नसतात. काओ कंपनीने 1991 मध्ये ही खूण आणली आणि पुढे इतरांनीही ती घेतली. ज्याला दिसत नाही, त्याच्या बोटांना कळावं म्हणून. दुधाच्या खोक्याच्या माथ्यावरही अशीच खाच असते. वाचता न येणाऱ्यापर्यंतही पोचायचं, असं ठरवून सांगणारा माणूस मला पूर्ण आप्त वाटतो.

राहिला प्रश्न नकळत पोटात गेलेल्याचा. माझ्या मते त्याने माळ तुटत नाही. विचारायचा कंटाळा केला तर तुटते. म्हणून शंका आली की लेक पाकिटावरच्या ग्राहकसेवेच्या क्रमांकावर फोन लावते. पलीकडून जे सांगतील ते मी प्रमाण मानते, आणि मगच ते पाकीट फोडते.