बांधापलीकडे गेलेलें खत

आपल्या शेतांतील खत पावसानें बांधापलीकडे वाहून नेलें, तर त्याचा जाब आपणांस कोणीं विचारावा काय? खत आपलें, पैसा आपला आणि नुकसानही आपलेंच, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु अमेरिकेंतील ईरी सरोवराची हकीकत पाहतां हा हिशेब अपुरा आहे असें आम्हांस दिसून आलें.

त्या सरोवराच्या पश्चिम टोकास टोलीडो नांवाचें शहर आहे. २०१४ सालीं आगस्टच्या २ तारखेस तेथील चार लाखांहून अधिक लोकांस नळाचें पाणी पिऊं नये अशी ताकीद मिळाली. पाणी उकळण्याचाही उपयोग नव्हता; उकळल्यानें विष उलट दाट होई. सरोवरावर हिरव्या सूक्ष्म जंतूंचा तवंग माजला होता, त्याचें तें विष. त्या जंतूंस पोसणारें स्फुरद मुख्यत्वें मॉमी नदीनें आणलें होतें, आणि तिच्या खोऱ्यांत बहुतेक मक्याचीं व सोयाबीनचीं शेतें आहेत. ताकीद तिसऱ्या दिवशीं उठली.

यांत लबाड कोण? आम्हांस कोणी सांपडत नाहीं. वर्षाकाठीं एकरामागें साधारण एकदोन पौंड स्फुरद वाहून जातें. तेवढ्यानें कोणाचें पीक बुडत नाहीं. आपल्याकडे वरच्या शेताचें पाणी खालच्याच्या बांधावर फुटलें कीं तंटा होतो. स्फुरद डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तंटाही होत नाहीं! त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, तेथील पुष्कळ शेतकऱ्यांनीं माती धुपूं नये म्हणून नांगरट सोडली होती. माती राहिली खरी; पण खत वरच्या थरांतच सांचूं लागलें, आणि त्याचा कांहीं अंश पावसांत विरघळून निचऱ्याच्या नळांवाटे नदीस मिळाला. सद्धेतूनें केलेल्या कामाचेही परिणाम पाहण्याचें ओझें कर्त्यावरच आहे, असें आमचें मत आहे.

उपाय अवघड नाहींत. मातीची परीक्षा करून लागेल तितकेंच खत द्यावें, तें उधळूं नये, जमिनींत पेरावें. शेत उघडें टाकूं नये. ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखावा. २०१५ सालीं ओहायो संस्थानानें या खोऱ्यांत गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत पसरण्यास, कांहीं अपवाद सोडून, बंदी केली. पण पट्ट्याची जमीन जाते वरच्याची आणि निर्मळ पाणी मिळतें खालच्यास. हा सारा खर्च एकट्या वरच्यानें सोसावा हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. शहरानेंही वांटा उचलावा. तो ठरेपर्यंत, आभाळ भरून आलें असतां खताचें पोतें फोडावें कीं नाहीं, हें मात्र शेतकऱ्यास शहराला विचारावें लागत नाहीं.