कोर्टाच्या दारातली विधवा



लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका विधवेचा दाखला आहे. ती एका अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. ज्या रविवारी हा दाखला वाचला गेला, त्या दिवशी मिस्सा झाल्यावर एका मावशींनी आम्हांला दाराशीच गाठले. त्या अकोल्याहून मुलीकडे आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘फादर, थे बाई रोज रोज कोर्टात कायले जाते? प्रभूनं तं माफ कराले सांगतलं ना!’’

आम्ही घाईत उत्तर दिले की हा दाखला प्रार्थनेविषयी आहे, कोर्टाविषयी नाही. उत्तर चुकीचे नव्हते. खुद्द लूकने दाखल्याच्या आधी तसे सांगितले आहे. पण घरी येऊन पुन्हा वाचले तेव्हा आमचेच आम्हांला पटेना. प्रार्थना शिकवायला प्रभूला मंदिरातली भाविक बाई घेता आली असती. त्याने घेतली कोर्टातली बाई. ती दया मागत नाही, भीक मागत नाही. माझा आणि माझ्या प्रतिवाद्याचा न्याय कर, एवढेच ती म्हणते. प्रभू तिला नावे ठेवत नाही. मग आपण का ठेवतो?

हे लिहिताना आपल्या विदर्भातली एक घटना डोळ्यांसमोरून हलत नाही. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर या चौघांना गावातल्या जमावाने ठार मारले. वडील भैयालाल तेवढे वाचले. त्या वेळी आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. नोव्हेंबरात त्याचे पडसाद आपल्या अमरावतीत उमटले, मोर्चे निघाले, पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. आपल्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. आम्ही तिकडे वर्गात ‘न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याचे देणे देणे’ ही व्याख्या पाठ करत होतो. वर्गात कोणी खैरलांजीचे नाव काढले नाही. आम्हीही काढले नाही.

या घटनेतली एक गोष्ट लोकांच्या लक्षात कमी राहिली आहे. सुरेखा आणि प्रियंका मारल्या गेल्या त्या साक्ष दिल्यामुळे. त्याच महिन्यात त्यांच्या परिचयाचे एक पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती. मारणारे कोण हे या मायलेकींनी पोलिसांना सांगितले. आरोपींना अटक झाली, जामीन मिळाला, आणि जामीन मिळाला त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या झोपडीवर गेला. म्हणजे खैरलांजीची गोष्ट खुनापासून सुरू होत नाही. ती सुरू होते दोन बायांनी जे पाहिले ते सांगितले तिथून.

पुढे तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयात भैयालाल साक्षीदार म्हणून उभे राहिले. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. नऊ दिवसांनी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. अॅट्रॉसिटी कायदा दोन्ही न्यायालयांनी लागू केला नाही. हा सूडातून घडलेला गुन्हा आहे, जातीतून नव्हे, असे म्हटले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते तिथे पडून असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल वारले.

कायद्याच्या भाषेत खटला असतो शासन विरुद्ध आरोपी असा. त्यामागे मोठा विचार आहे आणि तो टाकाऊ नाही. खून झाला की तो केवळ एका घराचा राहत नाही, सगळ्या समाजाचा होतो. म्हणून फिर्याद राज्य चालवते. असे नसते तर ज्याच्या पाठीशी भाऊबंद जास्त त्यालाच न्याय मिळाला असता आणि गरीब विधवेचे कोण ऐकणार होते? पण या व्यवस्थेत एक विचित्र गोष्ट घडते. ज्याचे सगळे गेले तो पुराव्याचा एक तुकडा होऊन बसतो. काठी, रक्ताचे कपडे आणि भैयालाल. वकील विचारतील तेवढे सांगायचे आणि पिंजऱ्यातून उतरायचे. नॉर्वेचे निल्स ख्रिस्टी यांनी १९७७ साली मांडले होते की वकील आणि राज्य मिळून माणसाचे भांडणच त्याच्याकडून काढून घेतात. तत्त्वज्ञानाच्या मंडळींना हे विधान अतिशयोक्त वाटते. कोर्टाच्या व्हरांड्यात एक दिवस काढलेल्याला वाटत नाही.

खैरलांजीला वंशसंहार म्हणता येणार नाही. शब्द जपून वापरावेत. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक, वंशीय आणि धार्मिक अशा चार प्रकारच्या समूहांचा उल्लेख आहे, जातीचा नाही, आणि चार माणसांची हत्या कितीही भीषण असली तरी तिचे मोजमाप वेगळे. पण वाचलेल्या माणसाचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो, आणि जगाने तो वंशसंहाराच्या खटल्यांतूनच हळूहळू शिकून घेतला. न्यूरेंबर्गला १९४५-४६ मध्ये मुख्य भर कागदपत्रांवर होता. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनच्या खटल्यात शंभराहून अधिक साक्षीदार बोलले, त्यांतले बहुतेक छळातून वाचलेले, पण तेही साक्षीदारच. १९९८ च्या रोमच्या करारातून हेग येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे राहिले. आपला देश त्याचा सदस्य नाही. त्या कराराच्या ६८ व्या कलमात पहिल्यांदा असे मान्य झाले की ज्यांचे हित गुंतले आहे त्या पीडितांनी आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडावे, मात्र आरोपीच्या हक्काला धक्का न लावता. काँगोच्या लुबांगाच्या खटल्यात, जो त्या न्यायालयाचा पहिला खटला, १२९ पीडित आपल्या वकिलांमार्फत सहभागी झाले.

याहून आम्हांला कंबोडियाचे उदाहरण जवळचे वाटते, कारण ते आपल्या श्रद्धेला थेट चिमटा घेते. ख्मेर रूज राजवटीत नोम पेन्ह शहरातल्या एका जुन्या शाळेत तुरुंग होता. तिथे किमान १२,२७२ माणसे मारली गेली असे न्यायालयाने धरले. त्या तुरुंगाचा प्रमुख डुच. राजवट पडल्यावर तो लपून राहिला आणि पुढे ख्रिस्ती झाला, बाप्तिस्मा घेतला. २००९ साली खटला उभा राहिला तेव्हा त्याने न्यायालयात क्षमा मागितली. त्या खटल्यात वाचलेले आणि मृतांचे नातेवाईक साक्षीदार नव्हते फक्त, ते पक्षकार होते. त्यांतला बोउ मेंग नावाचा चित्रकार, जो चित्र काढता येत होते म्हणूनच वाचला, त्याने डुचला काय विचारावे? माझ्या बायकोला कुठे मारले, एवढेच. डुचला नक्की सांगता आले नाही. बहुधा चोएउंग एकच्या मैदानात, असे तो म्हणाला.

हा प्रश्न सरकारी वकिलाने विचारला नसता. शिक्षा लावायला त्याची गरज नव्हती. तीस वर्षे तो एका माणसाच्या पोटात होता आणि तो विचारण्याचा हक्क त्याला मिळाला, इतकेच. आम्हांला वाटते की पीडिताला पक्षकार करण्याचे खरे कारण इथे आहे. शिक्षा वाढावी म्हणून नव्हे. जे घडले त्याविषयी विचारण्याचा पहिला अधिकार कुणाचा, हा प्रश्न आहे.

आणि डुचची क्षमायाचना? तो आपला धर्मबंधू झाला होता. पण त्याने देवाची क्षमा मागितली म्हणून बोउ मेंगने ती दिलीच पाहिजे असे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? आम्हांला तरी नाही. डुचला २०१० मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप.

धर्मगुरूंनी तर याबाबत जास्तच सांभाळून बोलावे. रवांडात १९९४ साली न्यांगे येथील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या तुत्सी लोकांवर बुलडोझर घालून चर्च पाडले गेले. त्या चर्चचे फादर अथानास सेरोंबा यांना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले आणि २००८ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये ख्रिस्तसभेच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. आरोपीच्या पिंजऱ्यात आमच्यासारखाच एक फादर उभा होता हे विसरून आम्ही वाचलेल्यांना क्षमेचे प्रवचन देऊ लागलो, तर ते लोक काय म्हणतील?

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नाही. दुःख खरे असते म्हणून बोट योग्य माणसाकडेच दाखवले जाते असे नाही. ओडिशातल्या कंधमालमध्ये २३ ऑगस्ट २००८ रोजी स्वामी लक्ष्मणानंद आणि त्यांचे चार सहकारी यांचा खून झाला. त्यानंतर आपल्या बांधवांवर काय गुदरले ते आपल्याला ठाऊक आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली बंद केलेली ३१५ प्रकरणे पुन्हा तपासायला सांगितली. पण स्वामींच्या शिष्यांचे दुःखही दुःखच होते. त्या खुनासाठी सात ख्रिस्ती पुरुषांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली. ते निर्दोष आहेत असे अनेकांनी पुराव्यानिशी मांडले आणि २०१९ पर्यंत त्या सर्वांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तेव्हा पीडिताचा आवाज कोर्टात यावा, पण त्याने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये. ती विधवासुद्धा न्यायाधीशाकडे जाते, प्रतिवाद्याच्या घरी जात नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दंड मागण्याला सद्गुणांत जागा दिली आहे, अट एवढीच की मागणाऱ्याचे लक्ष गुन्हेगाराच्या वाइटावर नसावे, अन्याय थांबण्यावर असावे. मनातले लक्ष कुठे आहे हे बाहेरून कसे ओळखायचे, ते मात्र त्यांनाही सांगता आलेले नाही.

भैयालाल यांची मागणी फाशीची होती. २०१८ पासून आपल्या धर्मशिक्षणग्रंथात मृत्युदंड कोणत्याही स्थितीत मान्य नाही असे स्पष्ट आहे, आणि आम्ही ते मानतो. ते आम्ही त्यांना भेटून सांगू शकलो असतो का? सांगितले असते तर आधी बराच वेळ ऐकावे लागले असते. त्यांचे मागणे पटत नाही म्हणून त्यांचे ऐकणेच बंद करावे, ही पळवाट झाली.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली. जुलैत इटलीच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. १९८३ मध्ये पोप महाशय त्याला तुरुंगात जाऊन भेटले, आणि तो तुरुंगातच राहिला. क्षमा आणि खटला एकाच वेळी चालले. एकाने दुसऱ्याला अडवले नाही. अकोल्याच्या मावशींना आम्ही हे त्या दिवशी सांगायला हवे होते.

आता एक गोष्ट आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी एक बाई, आपल्याच लोकांतली, आमच्याकडे आली होती. तिच्या मुलाचा खून झाला होता. समोरचे लोक तडजोडीचा निरोप पाठवत होते. ‘‘फादर, काय करू?’’ आम्ही म्हणालो, क्षमा करा, कोर्टाच्या चकरा सोडून द्या, मनाला शांती मिळेल. ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून गेली. नंतर कळले की तिने आमचे ऐकले नाही, आणि आज आम्हांला त्याचे बरे वाटते. मागच्या पावसाळ्यात आम्ही तिच्यासोबत पहिल्यांदा कोर्टात गेलो. दिवसभर बाकावर बसून दुपारी साडेचारला पुढची तारीख मिळाली. परतताना एसटीत ती म्हणाली, ‘‘मले कोणी इचारलंच नाही फादर, पोरगा कसा होता म्हून.’’

तिला वकील करता येतो हे तिला माहीत नव्हते. आम्हांलाही नव्हते. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी कायद्यात पीडिताची व्याख्या आली. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील नेमता येतो, आरोपी सुटला तर स्वतः अपील करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हे हक्क आहेत. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत २०१६ पासून जामिनाच्या वेळीसुद्धा पीडिताचे ऐकून घ्यावे लागते. भंडाऱ्याचा खटला यातले काहीही येण्याआधी संपला होता.

त्या बाईची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. आता तिच्यासोबत एक वकील बाई उभ्या राहणार आहेत, आणि आम्ही मागच्या बाकावर असू. आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर सकाळी पहिल्या मिस्सानंतर आम्हांला येऊन भेटा, गाडीत तिघांची जागा आहे. क्षमेविषयी तिने आम्हांला पुन्हा काही सांगितलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.

आपले,
फादर